नातवंडांची शनिवारची मॅच: परदेशी निघालेल्या आजी-आजोबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक घोळका आहे. त्यातले निम्मे तरी वर्षाआड लेकीकडे नाहीतर पोराकडे परदेशात जाऊन येतात. जाण्याआधी सगळे विचारतात ते व्हिसाचं, इन्शुरन्सचं, बीपीच्या गोळ्या किती न्याव्यात याचं. आल्यावर मात्र गप्पा रंगतात त्या शनिवारच्या मैदानाच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेली बाई. दोनदा न्यू जर्सीला राहून आले, एकदा सप्टेंबर ते नोव्हेंबर, एकदा एप्रिल ते जून. नात सॉकर खेळते, म्हणजे आपला फुटबॉलच, आणि नातू बेसबॉल. मैदानाच्या कडेला बसून जे कळलं ते लिहून ठेवते, म्हणजे दरवेळी सांगता सांगता माझा चहा गार व्हायचा नाही.

हे शनिवारचं नेमकं असतं काय? शाळेचे सामने असतात का?

शाळेचा बहुतेक संबंध नसतो. आपल्याकडे खेळ म्हणजे शाळा, मग तालुका, मग जिल्हा, मग विभाग. तिकडे लहान लेकरांचे खेळ गावातली लीग नाहीतर क्लब चालवतो. आईबाप फी भरतात, आठवड्यात एक-दोनदा संध्याकाळी सराव होतो आणि शनिवारी किंवा रविवारी मॅच. कोच म्हणजे बरेचदा कुणाचा तरी बापच, पदरचा वेळ घालून शिकवणारा. नातीचा कोच सोमवार ते शुक्रवार दातांचा डॉक्टर होता.

सॉकरचे हंगाम दोन. सप्टेंबर ते नोव्हेंबर एक, मार्च-एप्रिल ते जून दुसरा. बेसबॉल मुख्यतः वसंतातला. तुम्ही जून संपता संपता पोचलात, तर मैदान रिकामंच दिसेल. बघायला तिकीट वगैरे नसतं.

किती वाजता निघावं लागतं?

सकाळी साडेआठ-नऊची मॅच असेल तर अर्धा तास आधी मैदानात. म्हणजे घरात साडेसातलाच "शिनगार्ड कुठंय, शिनगार्ड कुठंय" सुरू होतं. नडगीवर बांधायचं ते टणक कवच. ते नसेल तर खेळूच देत नाहीत, आणि एका पायाचं हमखास सोफ्याखाली सापडतं. खेळ फार लांबत नाही. सात-आठ वर्षांच्यांचे दहा-दहा मिनिटांचे चार डाव, नऊ-दहा वर्षांच्यांचे पंचवीस मिनिटांचे दोन.

इथल्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावायचा असेल तर हिशोब सोपा आहे. न्यू जर्सीत सकाळचे नऊ म्हणजे परभणीत संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर साडेसात.

सोबत काय न्यायचं?

घडीची खुर्ची लेकीकडे असतेच, पण ती बसकी असते. गुडघे दुखत असतील तर तिच्यात बसणं सोपं, उठायला दोन माणसं लागतात. जरा उंच बैठकीची मागून घ्या. एप्रिलमधल्या सकाळीसुद्धा बोटं आखडतात, त्यामुळे सोलापुरी चादर न्याच. मी पहिल्या वेळी लाजून घरी ठेवली होती. दुसऱ्या वेळी ती पांघरून बसले तर शेजारची बाई हात लावून बघायला आली. गवत दवानं ओलं असतं, चपला घालून जाऊ नका. संडासासाठी प्लास्टिकची एक उभी पेटी असते. घरूनच जाऊन या, एवढंच सांगते.

बसायचं कुठं? एका बाजूला दोन्ही संघ, समोरच्या बाजूला सगळे पालक, असं बऱ्याच ठिकाणी असतं. गोलच्या मागे उभं राहायचं नाही. खुर्च्या, थर्मास, चादरी, मधेच कुणाचं रांगतं बाळ. मला तर बाई येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात बसल्यासारखं वाटायचं, फक्त आंबिलाऐवजी कॉफी.

ओरडायचं नाही म्हणतात, खरं का?

या प्रश्नावर घोळक्यात सर्वात जास्त वाद होतात. आपण कुस्तीच्या फडावर आणि कबड्डीच्या चुन्याच्या रेघेला चिकटून वाढलेली माणसं. न ओरडता खेळ कसा बघायचा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

खरं म्हणजे ओरडायला बंदी नाही, सूचना ओरडायला आहे. "शाब्बास", टाळ्या, लेकराचं नाव, हे चालतं. "इकडं मार, पास दे, मागं जा" हे चालत नाही, कारण ते सांगायला कोच आहे, आणि बरेचदा कोचही गप्प असतो. बॉल कुठं मारायचा हे लेकरानं स्वतः ठरवावं म्हणून तर हा खटाटोप. काही लीग हंगामात एखादा आठवडा पालकांना तोंडच उघडू देत नाहीत, फक्त टाळ्या.

मला हे पटलं ते फजिती झाल्यावर. नात बॉल घेऊन पळत होती, बाजूनं एक दांडगी पोरगी येताना दिसली, आणि माझ्या तोंडून शाळेतल्या आवाजात निघालं, "थांब!" मैदानात मराठी कळणारं एकच लेकरू. ती थांबली. बॉलवर पाय ठेवून, माझ्याकडं बघत, अगदी वर्गात उभी राहावी तशी. त्या पोरीनं पायाखालून बॉल काढला आणि गोल केला. घरी येईपर्यंत नात माझ्याशी बोलली नाही.

आमच्या ह्यांची वेगळीच तऱ्हा. ते "मार! मार!" करायचे. शेजारच्या गृहस्थांनी जावयांना विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? जावई म्हणाले, "शूट". अर्थ बरोबर होता, पण त्या दिवसापासून ह्यांच्या हातात कॉफीचा मोठा पेला द्यायची पद्धत पडली.

पंच चुकला तर?

पंच कोण आहे ते आधी नीट बघा. अमेरिकेत तेराव्या वर्षापासून लहानांच्या सामन्यांचा पंच होता येतं. आमच्या बऱ्याच मॅचना शिट्टी वाजवणारं लेकरू आठवी-नववीतलंच होतं, दातांना तारा लावलेलं. पालकांच्या आरडाओरड्यामुळे अशी पोरं एका हंगामातच शिट्टी ठेवून देतात, ही तिकडची मोठी अडचण आहे. चुकलं तर चुकलं.

नातीचं कानातलं, काळा दोरा, कडं चालतं का?

चालत नाही. फुटबॉलच्या नियमांत खेळाडूंची साधनं कोणती असावीत याचा चौथा नियम आहे. त्यात दागिने पूर्ण वर्ज्य आहेत आणि वरून चिकटपट्टी लावून झाकणंही चालत नाही. नजर लागू नये म्हणून पायात बांधलेला दोरा तुमच्या-आमच्यासाठी दागिना नसेल, पंचाच्या लेखी तो काढायची वस्तू आहे.

आमच्याकडे झालं ते असं. मॅचआधी पंच सगळ्यांना ओळीत उभं करून नडगीवर टकटक करून बघतो, शिनगार्ड आहे का. नातीपाशी आला आणि कानाकडं बोट केलं. मीच परभणीहून नेलेल्या सोन्याच्या बाळ्या, फिरकीच्या. फिरकी घट्ट बसलेली, सकाळच्या गारठ्यात माझी बोटं बधिर, नात "आजी लवकर, आजी लवकर" म्हणून पाय आपटतीय. शेवटी लेकीनं थंडीचं मलम चोळून ती फिरवली. दुसरी निघाली तेव्हा पहिले दहा मिनिटं संपली होती. दोन्ही बाळ्या मी रुमालात बांधून कमरेला खोचल्या आणि उरलेली मॅच कमरेवर हात ठेवून बघितली.

म्हणून सांगते, लेकराचे कान टोचायचा बेत असेल तर हंगाम संपल्यावर टोचा. ताज्या भोकातलं कानातलं काही आठवडे काढता येत नाही, आणि ते कानात असेपर्यंत खेळता येत नाही. दोरा घरी उंबऱ्याच्या आत सोडवून ठेवा. मैदानात आजीनं दातानं तोडायची वेळ आणू नका.

आपण लाडू करून न्यावेत का? सगळ्या लेकरांना वाटावेत का?

हौस कळते, पण थांबा. बऱ्याच लहान संघांत मॅचनंतरच्या खाऊची पाळी लावलेली असते. एका शनिवारी एक घर संत्र्याच्या फोडी आणतं, दुसऱ्या शनिवारी दुसरं घर बिस्किटाचे पुडे. ही यादी फोनवर असते. तुमच्या लेकीची पाळी आली की तुम्हाला उकळी फुटणार, आणि तुम्ही शेंगदाण्याचा लाडू नाहीतर चिक्की म्हणणार. मीही म्हटलं होतं.

शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडे चेष्टेचा विषय नाही. ज्या लेकराला ती असते त्याचा श्वास थोड्याशा दाण्यानंही कोंडू शकतो. आईच्या पर्समध्ये इंजेक्शन असतं. आपल्या घरात तर दाण्याचं कूट नाही असा डबा नाही. भाजीत कूट, खिचडीत कूट, धपाट्यासोबत दाण्याची चटणी. तिळाचंही तेच. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीचा पदार्थ म्हणून पाकिटावर छापावा लागतो. त्यामुळे तिळगूळ वाटायचा उत्साहही आवरा. केळी, संत्री, द्राक्षं न्या (अगदी लहानांसाठी द्राक्षं उभी चिरून), नाहीतर वर घटक छापलेली बंद पाकिटं. दुसऱ्याच्या लेकराच्या हातात काहीही देण्याआधी त्याच्या आईला विचारायचं.

मोठ्यांचं मात्र वेगळं. ज्वारीचे धपाटे मी फॉइलमध्ये बांधून नेले, चटणी घरी ठेवली, आणि विचारून विचारून दिले. दातांच्या डॉक्टरांनी तीन खाल्ले.

स्कोअर का ठेवत नाहीत? मग खेळायचं कशाला?

अगदी लहान गटांत फलक नसतो, गुणतक्ता नसतो. पण भ्रमात राहू नका, मैदानातल्या प्रत्येक लेकराला स्कोअर पाठ असतो. गाडीत बसताच नात सांगायची, "सिक्स-टू. आपण हरलो."

खेळाडूही कमी असतात. आठ वर्षांपर्यंत चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, ऑफसाइड (बचाव करणाऱ्यांच्या पुढे जाऊन बॉलची वाट बघण्यावरची बंदी) नाही, बॉलही लहान, तीन नंबरचा. नऊ-दहाला सात विरुद्ध सात, अकरा-बाराला नऊ, तेराव्या वर्षापासून पुरे अकरा. लेकरं कमी म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल जास्त वेळा लागतो, एवढा साधा हिशोब.

आणि सगळ्यांना खेळवतात. कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनचा तर नियमच आहे, प्रत्येक लेकरू निम्मी मॅच तरी खेळलंच पाहिजे. हे ऐकून मला आमच्या शाळेची खो-खोची टीम आठवली. बारा जणींची यादी जायची, मैदानात नऊ, आणि तालुक्याला जिंकायचं म्हणून त्याच नऊ दरवेळी. उरलेल्या तिघी पाण्याची कळशी सांभाळायच्या. त्यातली एक आता आमच्याच गल्लीत राहते. तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

बॉल वरून आला तरी डोकं लावत नाहीत. भितात का?

हा आमच्या ह्यांचा प्रश्न. भीत नाहीत, बंदी आहे. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांची काळजी म्हणून २०१५ च्या शेवटी अमेरिकेच्या सॉकर महासंघानं दहा वर्षांपर्यंतच्या लेकरांना हेडिंग बंद केलं. अकरा ते तेरा वयात सरावातलं हेडिंगही मोजूनमापून.

लेकरू पडलं, लागलं तर पळत जायचं का?

जायचं नाही. जीव वरखाली होतो, तरी. पंच खेळ थांबवतो, कोचला आत बोलावतो, आणि बाकीची लेकरं जिथल्या तिथं एक गुडघा टेकून बसतात, दोन्ही संघांची. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. एवढा आरडाओरडा चाललेला, आणि क्षणात सगळं मैदान गुडघ्यावर. पडलेलं लेकरू उठलं की दोन्हीकडचे पालक टाळ्या वाजवतात. आईला हवं असेल तर कोच हात करतो. आजीला कुणी हात करत नाही, आणि हळदीची पुडी पर्समध्येच राहते.

बेसबॉल आपल्याला कळेल का?

क्रिकेट कळत असेल तर आधी गोंधळ होईल, मग कळेल. मोठा गोंधळ हा की बॅटच्या मागे गेलेला बॉल वाया. आपल्या डोळ्याला स्लिपमधून गेलेला चौकार दिसतो, आपण टाळ्या वाजवतो, आणि सगळे आपल्याकडे बघतात. तो फाउल. धाव काढायची तर चौकोनाच्या चार टोकांना पाय लावत परत घरी यायचं. बॅट मात्र टाकून पळायचं, नातवाला पळताना बघून हे "अरे बॅट, बॅट!" म्हणून उठले होते. मारण्याजोगे तीन बॉल चुकले, म्हणजे तीन स्ट्राइक झाले, की बाद, चार बॉल वाईट पडले की फुकटात पहिल्या टोकाला. कॅच तोच आपला कॅच. तीन बाद झाले की बाजू बदलते.

'लिटल लीग' १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ यांनी सुरू केली. बारा वर्षांपर्यंतच्यांसाठी टोकं ६० फुटांवर, पिचर म्हणजे बॉल टाकणारा ४६ फुटांवर, आणि मॅच सहा डावांची. अगदी चिमुकल्यांचा टी-बॉल असतो, रबरी दांडीवर बॉल ठेवून मारायचा. दांडीवरचा बॉल न हलता दांडीच आडवी होते, ते बघण्यासारखं असतं.

पिचर चांगला टाकत असताना त्याला अचानक काढतात. कारण बॉल मोजलेले असतात. अकरा-बारा वर्षांच्या लेकरानं एका दिवसात ८५ च्या वर टाकायचे नाहीत, नऊ-दहाच्यानं ७५. वाढत्या हाडांचा खांदा, कोपर जपायचं म्हणून. आपल्या गल्लीत एकच पोरगं दिवसभर फास्ट बोलिंग टाकतं आणि सगळे त्याला वाहवा म्हणतात, हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

तिकडे लेकरं क्रिकेट खेळतच नाहीत का?

खेळतात, आणि वाढतंय. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचे काही सामने अमेरिकेत झाले. ६ जूनला अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, आणि ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा. पण नातवाच्या वर्गात विचाराल तर बेसबॉलच.

आम्ही इंग्लंडला किंवा ऑस्ट्रेलियाला निघालोय. तिथं वेगळं असतं का?

रीत सारखीच, खेळ आणि ऋतू बदलतात. ऑस्ट्रेलियात जून ते ऑगस्ट हिवाळा, तेव्हा फुटबॉल आणि मुलींचा नेटबॉल. नेटबॉलमध्ये सात जणी, बॉल हातात असताना पळायचं नाही आणि तीन सेकंदांत तो पुढे द्यायचा. तिकडच्या उन्हाळ्यात शनिवारी क्रिकेट, म्हणजे तुम्ही घरच्यासारखेच. इंग्लंडमध्ये लहान गटांचे निकाल छापत नाहीत आणि पालकांना बऱ्याच ठिकाणी दोरीमागे उभं करतात. पावसाची तयारी तिकडे जास्त ठेवा.

वीज कडाडली तर?

गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करून सगळे गाड्यांत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वाट बघतात. मधे पुन्हा गडगडलं की मोजणी पहिल्यापासून. आपल्याकडे वळवाच्या पावसात शेतातल्या झाडाखाली थांबलेली माणसं आणि जनावरं दरवर्षी जातात, त्यामुळे हा नियम मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

फोटो काढून ग्रुपवर टाकले तर चालतं का?

आपल्या लेकराचे काढा. दुसऱ्यांची लेकरं त्यात येत असतील तर स्टेटसला ठेवू नका. काही पालकांना ते अजिबात खपत नाही. गोड दिसलं म्हणून कुणाच्या लेकराचा गालगुच्चाही घ्यायचा नाही. ह्यांना एकदा कोचला मदत करायची हुक्की आली होती. पण लेकरांसोबत मैदानात काम करणाऱ्या प्रत्येकाची आधी पार्श्वभूमी तपासतात, तसा कागद लागतो. पाहुण्या आजोबांनी आत जाऊन बॉल गोळा करायचे नाहीत.

मॅच सुरू व्हायला वेळ असेल तर काय करायचं?

खेळाडूंची धाकटी भावंडं कंटाळून चिखल उकरत असतात. मी त्यांच्या आयांना विचारून खो-खो शिकवला, पाण्याच्या दोन बाटल्यांचे खांब करून. "खो" हा शब्द त्यांना इतका आवडला की मॅच सुरू झाली तरी मागून "खो! खो!" चालूच. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुली आणि मुलं दोघंही जिंकली, हे सांगितलं. आणि आमच्याच मराठवाड्यातल्या धाराशिवच्या सारिका काळेला याच खेळासाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हेही. विश्वास बसला की नाही कळलं नाही.

लेकरू हरून आलं तर काय बोलायचं?

मॅच संपली की दोन्ही संघ ओळीनं हातावर हात मारत "गुड गेम" म्हणतात. मग पालक समोरासमोर उभे राहून हातांची कमान करतात, लेकरं खालून पळतात. त्यात उभे राहा, कंबर साथ देईल तेवढं. गाडीत मात्र मॅचचं पोस्टमॉर्टेम करू नका. भूक लागली का, एवढंच विचारा. मला गप्प बसणं जमत नाही, मी खिडकीबाहेर बघते.

आपण आलोय याचं लेकरांना काही वाटतं का? ती तर आपल्याकडे बघतही नाहीत.

बघतात. एका शनिवारी नांदेडहून बहिणीचा फोन आला. भारतात संध्याकाळ, तिला वेळ, मी बोलत बसले. डोळे मैदानाकडेच होते असं मला वाटत होतं. गाडीत नातीनं मागून विचारलं, "आजी, तू माझा थ्रो बघितला?"

मी म्हटलं, बघितला की.

"कुठल्या साइडला टाकला?"

मी डावीकडे म्हणाले. उजवीकडे टाकला होता.